पत्र्याचा लाल रंग

माझी बायको नळाचं पाणी पीत नसे. ते मचूळ लागतं म्हणायची. पत्र्यावरचं पावसाचं पाणी पन्हळीतून मागच्या टाकीत उतरायचं, ते गाळून ती प्यायची. मी रंगारी. दिवसभर कामावर असायचो, तिथलंच पाणी प्यायचो.

दोन वर्षांपूर्वी पत्रा गंजायला लागला. लोखंडाला मारायचा लाल रंग कामावर उरला होता, जुना साठा. तो आणून मी पत्र्याला मारला. ती खालून म्हणाली, "लागला बाई एकदाचा स्वतःच्या घराला हात!"

पुढे ती आजारी पडली. इस्पितळात डॉक्टर म्हणाले, रक्तात शिसं आहे. घरात कोणी रंगकाम करतं का, असंही विचारलं. मी म्हटलं, मी करतो, पण हातपाय धुऊनच घरात येतो. ते खरंच होतं.

ती गेल्यावर आठवड्याने पन्हळ साफ करायला शिडीवर चढलो. पत्र्याला हात लागला तो लाल होऊन आला. सगळ्या रंगाची भुकटी झाली होती. मी बराच वेळ खाली उतरलो नाही.

त्याच संध्याकाळी लेक माझ्या सोबतीला आली, चार महिन्यांच्या बाळाला घेऊन. टाकी रिकामी केली असती तर तिने कारण विचारलं असतं. मी तोटी घट्ट आवळली आणि तीन दिवस गप्प बसलो.

चौथ्या दिवशी घरी निघताना ती कॅन घेऊन टाकीपाशी बसली.

"ते नको नेऊस."

"एवढ्याशा पाण्यात जीव अडकला का तुमचा? नळाचं तुम्हालाच लखलाभ, बाबा."

"पत्र्याला मी लाल रंग लावला होता."

"मग? चांगला दिसतोय की."

"त्यात शिसं असतं."

कॅन भरून वाहू लागला. तिने तोटी बंद केली नाही.

"आईला माहीत होतं?"

"मलाच नव्हतं. ती गेल्यावर कळलं."

"कधी?"

"तू आलीस त्या दिवशी."

ती उठली. "बाळाचं पावडरचं दूध मी याच पाण्यात करतेय, बाबा. आल्यापासून."

तिने बाळाला उचललं, चपला घातल्या.

"उभे काय राहिलात? चला. डॉक्टरांना सगळं तुम्ही सांगायचं. माझ्या तोंडून नाही निघायचं."

इस्पितळात तेच डॉक्टर होते. त्यांनी मला ओळखलं. बाळाला काय होतंय, म्हणून विचारलं. लेक खिडकीबाहेर बघत राहिली. मी पत्रा गंजला तिथून सांगायला सुरुवात केली.