गेटपासून दारापर्यंत

चार नंबरच्या इमारतीसमोर आखलेल्या जागा चोवीस. त्यांतल्या तेवीस भरलेल्या. त्यांच्यापुढे आडव्या लावलेल्या गाड्या आठ. हँडब्रेक न ओढता, न्यूट्रलमध्ये सोडलेल्या, म्हणजे आतल्याला बाहेर पडायचं असेल तर त्याने ढकलून बाजूला कराव्यात. एकूण गाड्या एकतीस. रिकामी जागा एकच, अगदी दारापाशी, निळी, मधोमध चाकाच्या खुर्चीचं पांढरं चित्र.

थाक मल्सुनने गेटमध्येच गाडी थांबवून हे मोजलं. चष्म्याच्या काचा बनवणाऱ्या कारखान्यात तिचं काम ओरखडे शोधायचं. बघितलं की मोजायचं ही सवय तिथलीच. निळ्या जागेचा परवाना तिच्या गाडीच्या पुढच्या काचेवर चिकटवलेला होता. पण तो लागू व्हायला नवरा गाडीत असावा लागे, आणि नवरा चौकीदाराच्या केबिनशेजारी चाकाच्या खुर्चीत, मांडीवर घोंगडी घेऊन बसला होता.

"महाराज, पालखी आली!" बांग चौकीदार ओरडला.

"पालखीला विचारा, एवढा वेळ कुठे होती?" छिलसंग म्हणाला.

मल्सुन उतरली. तिने दार उघडलं. छिलसंगने दाराची वरची कड धरली, डाव्या पायावर उभा राहिला, गर्रकन वळला आणि सीटवर आदळला. उजवा पाय गुडघ्याखाली नव्हता. बांगने खुर्ची मिटून मागे टाकली. मल्सुनने गाडी निळ्या जागेत नेऊन लावली, खुर्ची काढली, उघडली, नवऱ्याला पुन्हा तिच्यात बसवलं.

हे रोज संध्याकाळी चाले.

परवाना मिळाला तो वसंतात. साखरेने आधी मूत्रपिंडं नेली, मग पाय. आठवड्यातून तीन सकाळी डायलिसिस. सरकारी कचेरीतल्या पोराने परवाना दोन्ही हातांनी पुढे केला आणि म्हणाला, "काकू, एक लक्षात ठेवा. हा काकांचा आहे, तुमचा नाही. काका गाडीत नसताना त्या जागेत गाडी लावायची नाही."

"हो, हो," मल्सुन म्हणाली. तेव्हा तिला ते सोपं वाटलं होतं.

दुसऱ्याच आठवड्यात ती एकटी मुळे आणायला बाजारात गेली. पाऊस होता, मोकळी दिसली ती निळीच जागा. दहा मिनिटांचं तर काम. पुढे घरी दंडाचं पाकीट आलं, सोबत फोटो: गाडी, परवाना, आणि हातात मुळ्यांची जुडी घेतलेली, एकटी मल्सुन. कोणीतरी फोनवरून तक्रार केली होती. फोटोच्या कडेला अर्धी दिसणारी छत्री ओळखीची वाटत होती. जिन्यात भेटणाऱ्या प्रत्येकाच्या छत्रीकडे ती काही दिवस बघत राहिली. मग तिने तो नाद सोडला, कारण सगळ्यांच्या छत्र्या काळ्याच होत्या.

त्यानंतर ती कारखान्यातून आली की, आवारात आडवी लावायलाही जागा उरलेली नसे म्हणून, गाडी टेकडीमागच्या रस्त्यावर लावी आणि चढ उतरून चालत येई. डायलिसिसच्या दिवशी पहाटे चढ चढून पुन्हा गाडी आणायला जाई. एकदा ती तिथे निसरड्यावर पडली. तिच्या हाताला बांधलेली पट्टी छिलसंगने बघितली. दुसऱ्या दिवशी ती आली तेव्हा तो गेटवर बसलेला होता.

"थांब, मला आत घे," तो म्हणाला.

"कुठे जायचंय?"

"घरी."

"अहो, घर हे काय समोर आहे!"

"मग तिथवर ने. मी गाडीत, म्हणजे कायदा गाडीत. तो काचेवरचा नुसता कागद गं. खरा परवाना हा बघ," त्याने स्वतःच्या छातीवर थाप मारली, "फक्त जरा जड आहे."

बांग एवढा हसला की त्याची टोपी पडली. मल्सुनलाही हसू आलं. त्या दिवशी.

उन्हाळाभर ते बरं चाललं. छिलसंग साडेपाचलाच खाली येई, बांगशी बेसबॉलवरून भांडे. शरद आला तसं ते जड होऊ लागलं. तिला शिफ्टनंतर मैत्रिणींबरोबर सूप प्यायला थांबता येईना. कोणी बोलावलं की तिला गेट दिसे आणि गेटवरची खुर्ची दिसे. एकदा ती गेटवरून न वळता तशीच पुढे गेली. त्याने हात वर केलेला तिला आरशात दिसला. पेट्रोलपंपापर्यंत जाऊन ती परत आली आणि म्हणाली, "पेट्रोल भरायचं होतं." काटा तर अजूनही निम्म्याच्या खालीच होता. त्याने काट्याकडे बघितलं आणि मग बाहेर.

डिसेंबरात डायलिसिसच्या नर्सने त्याचा मोजा काढला आणि तशीच थांबली.

"काकू, हा पाय बर्फ झालाय. टाचेला भेग आहे, ती भरत नाहीये. यांना कुठे बसवता तुम्ही?"

"मीच बसतो," छिलसंग म्हणाला. "हिला काय विचारता?"

"मग बसू नका. घरात राहायचं. हाही गेला तर?"

परतताना गाडीत मल्सुन म्हणाली, "उद्यापासून खाली यायचं नाही."

"आणि तू टेकडीवर जाणार? पुन्हा पडायला?"

"पडेन नाहीतर लोळेन. मला दोन पाय आहेत."

बोलून झाल्यावर तिने ओठ मिटले. सिग्नल हिरवा झाला होता. मागच्याने हॉर्न दिला.

"हेजूची आई," तो म्हणाला. लेकीचं लग्न होऊन ती दूर गेली तरी तो मल्सुनला अशीच हाक मारी. "भात तू लावतेस. कपडे तू धुतेस. रक्त मशीन धुतं. दिवसभरात माझ्या हातून होतं असं एवढं एकच आहे."

"मला ते नकोय," मल्सुन म्हणाली. "रोज कोणीतरी माझी वाट बघत बसलंय हे मला नकोय."

त्याने घोंगडी पायावर ओढून घेतली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी वारा सुटला होता. मल्सुनने गाडी टेकडीमागे लावली, चढ जपून उतरली आणि मागच्या फाटकाने आत येऊन लिफ्टने सहाव्या मजल्यावर गेली. तिच्या खांद्यांवरून काहीतरी उतरल्यासारखं झालं होतं. घरी जाऊन पाय पसरून बसायचं, एवढंच तिच्या मनात होतं.

घरात दिवा नव्हता. कुकरमध्ये भात गरम होता. तिने सकाळी फक्त तांदूळ भिजत घातले होते. घोंगडी नव्हती. खुर्ची नव्हती.

ती उघड्या व्हरांड्यात आली. खाली गेट दिसत होतं. बांगची आज सुट्टी, केबिनमध्ये कोणी अनोळखी फोन बघत बसलेला. बाहेर छिलसंग, रस्त्याकडे तोंड करून, घोंगडी पायाभोवती गुंडाळून. एक गाडी येताना दिसली की तो सरळ बसे. ती पुढे निघून गेली की पुन्हा वाके. दारापाशीची निळी जागा रिकामी होती.

हाक मारली असती तर ऐकू गेली असती. मल्सुनने कठड्यावर हात ठेवले. मग तिने चप्पल काढून पुन्हा बूट घातले, लिफ्टने खाली आली आणि मागच्या फाटकाने बाहेर पडली. चढ चढली. गाडी काढली. पूर्ण वसाहतीला वळसा घालून पुढच्या रस्त्याने गेटवर आली आणि थांबली.

त्याने हात वर केला.

"आज उशीर झाला," तो म्हणाला.

"रस्त्यात गर्दी होती," ती उतरत म्हणाली.

त्याने तिच्या बुटांकडे बघितलं. त्यांना लाल माती लागली होती, ती फक्त टेकडीवरच असते. मग तो दाराची कड धरून उभा राहिला, वळला, बसला. तिने खुर्ची मिटून मागे टाकली, बसली, आणि हीटरचं तोंड त्याच्या पायाकडे वळवलं.

"थांब जरा," तो म्हणाला. पुढे वाकून त्याने स्टिअरिंगमागचं बारीक बटण दाबून धरलं. किलोमीटरचा आकडा शून्यावर आला. "बघू तरी, किती चालतो मी रोज."

आडव्या उभ्या गाड्यांमधून तिने गाडी सावकाश नेली, निळ्या जागेत सरळ लावली. इंजिन बंद करण्याआधी दोघांनी एकदमच खाली बघितलं.

०.१ किलोमीटर.