लुर्देसचा नकार

त्र्याण्णव साली जपानातल्या उरायासु शहरी एका चोनाइकाईने, म्हणजे आपल्या सोसायटी कमिटीच्या जपानी थोरल्या बहिणीने, एक क्रांतिकारक ठराव पास केला: शरदातल्या जत्रेत परदेशी बायकांना खाण्याच्या पदार्थांचं एक टेबल द्यायचं. तोवर या बायकांना हे मंडळ ओळखत असे ते चुकीच्या दिवशी चुकीचा कचरा ठेवणाऱ्या म्हणूनच.

टेबल मिळालं तिघींना. फिलिपाइन्सची लुर्देस आणि थायलंडची नोई जपानी नवऱ्यांच्या घरी नांदत होत्या. तिसरी अरुणा, नवऱ्याच्या बँकेने त्याला मुंबईहून इकडे धाडलं म्हणून आलेली. आल्यापासून तिला बोलायला एकटा उल्हास, आणि तो घरी यायचा तोच पेंगत. तेव्हा या टेबलाच्या निमित्ताने एक तरी मैत्रीण पदरात पाडून घ्यायचीच, असा तिने चंग बांधला.

चव बघायला तिघी मंडळाच्या हॉलमध्ये जमल्या. अरुणाने उकडीचे मोदक नेले होते. पिठी जपानी, गूळ ओकिनावाचा, कळ्या मात्र अस्सल रत्नागिरीच्या.

लुर्देसने मोदक तोंडात टाकला, छातीवर हात ठेवला, डोळे मिटले आणि म्हणाली, "नाकोऽ! आय, नाकोऽ!"

अरुणाने डबा तसाच टाकला आणि घर गाठलं.

"अगं, फिलिपाइन्सच्या बाईला मराठी कुठून येणार?" उल्हास म्हणाला.

"नको म्हणायला मराठी कशाला यायला हवं? चेहऱ्यावर दिसत होतं."

"डोळे मिटले होते ना तिने?"

"बघवेना म्हणून!"

दुसऱ्या दिवशी दारात लुर्देस. हातात डबा, धुऊन लख्ख. तिने मोडक्या जपानीत काहीतरी सांगितलं, त्यातलं "मोत्तो, मोत्तो" म्हणजे "आणखी, आणखी" एवढं अरुणाला कळलं. आणखी काय, ते कळायच्या आत लुर्देसने तिला हाताला धरून आपल्या घरी नेलं आणि पुढ्यात वाडगा ठेवला. नारळाच्या दुधात केळं, रताळं आणि साबुदाणा.

"अगंबाई, हे तर उपासाचं!" अरुणाने वाडगा चाटूनपुसून संपवला. लुर्देसने पळी उचलली. अरुणाने रीतीप्रमाणे वाडग्यावर हात धरला. "नको, नको."

लुर्देसचा चेहरा उजळला. हात बाजूला सारून तिने वाडगा काठोकाठ भरला.

"अहो, नको हो!"

पुन्हा पळी.

तेवढ्यात शेगडीवरचं नारळाचं दूध उतू गेलं. "नाको!" लुर्देस ओरडली. फोन वाजला, भावाला मुलगी झाली. "नाकोऽ!" म्हणून तिने फोनचंच चुंबन घेतलं. तेव्हा कुठे अरुणाच्या डोक्यात उजेड पडला. हे नको नव्हतंच, हे तर त्यांच्याकडचं "अगंबाई"! आणि आपण मघापासून "नको, नको" म्हणत पाहुणचाराला दाद देत सुटलो होतो.

ती इतकी हसली की साबुदाणा नाकात गेला. काय झालं ते तिने मान हलवून, नाक मुरडून, वाडगा झाकून दाखवलं. कळल्यावर लुर्देस हसत जमिनीवरच बसली. पोट दोघींचंही दुखलं. अरुणाचं दोन कारणांनी.

जत्रेच्या दिवशी तिघी मोदकांवरून भांडत होत्या. लुर्देसच्या मते खोबरं-गुळाचं सारण तिच्या आजीच्या गावचं. नोईचं म्हणणं, पिठीची पारी थायलंडखेरीज कोणाला जमणारच नाही. अरुणा गणपतीची साक्ष काढत होती. पुढे गिऱ्हाइकं ताटकळत होती, पण तत्त्वाचा प्रश्न होता.

इतक्यात मंडळाचे अध्यक्ष कुरोइवा-सान रांग सोडून पुढे आले, मोदक खाल्ला, गहिवरले आणि म्हणाले, "अरे, हे तर आमच्या गावचं!"

तिघींनी एकमेकींकडे पाहिलं. भांडण जागच्या जागी मिटलं. नोईने ताट मागे ओढलं, लुर्देस कमरेवर हात ठेवून उभी राहिली आणि अरुणा तिला येत होती तेवढ्या जपानीत, अत्यंत अदबीने म्हणाली, "कुरोइवा-सान, रांग तिकडून आहे."