हाताखालची तार

तारेच्या टोकाला तळवा लावला की वर चालणाऱ्या बाईचं सगळं रुद्राप्पाला कळायचं. हे तो कुणाला सांगत नसे. सांगून पटलं नसतं, आणि सर्कशीत खलाशाला विचारतंय कोण? तंबू उभा करायचा, खांब रोवायचे, तार ओढायची आणि तारेवरची तानाबाई खाली उतरेपर्यंत तारेपाशी उभं राहायचं, एवढंच त्याचं काम. तळवा लावायला त्याला कुणी शिकवलं नव्हतं. पण वर पाऊल पडलं की तार थरथरते आणि ती थरथर टोकापर्यंत येते. आज तिला ताप आहे, आज ती मॅनेजरशी भांडून आलीय, हे त्याला त्यावरून समजायचं. तानाबाईशी लग्न झाल्यावर मुलगी, संयोगिता, पोटात होती तेव्हा तर बायकोच्या आधी यालाच शंका आली. पाऊल जड पडत होतं. ‘डॉक्टरणीला दावून ये जा,’ म्हणाला तर तिनं वेड्यात काढलं होतं, आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच लाजत येऊन खरं आहे म्हणून सांगितलं होतं.

पोस्टरवर तिचं नाव मिस लिली. पेठ वडगावच्या तानाबाईला बघायला तिकीट काढून कोण येणार? गुलाबी झगा, हातात जपानी छत्री, आणि खाली हजारभर माणसं माना वर करून गप्प बसलेली. सबंध नोकरीत ती एकदाही पडली नाही. बाकीच्या पोरी जाळीत पडायच्या, उड्या मारत उठायच्या, टाळ्या घ्यायच्या. तानाबाईनं जाळीला कधी अंग लावलं नाही. सर्कशीतली माणसं एकमेकांबद्दल फारसं चांगलं बोलत नाहीत, पण एवढं सगळे कबूल करायचे.

मग जनावरं गेली, प्रेक्षक गेले, आणि एके दिवशी मालकानं तंबूही विकला. नवरा-बायको कोल्हापुरात येऊन राहिली. संयोगिता लग्न होऊन इचलकरंजीला गेली होती. रुद्राप्पा एका मांडववाल्याकडे बांबू बांधायला लागला, मिस लिली एका मेसमध्ये भाकऱ्या थापायला लागली. तिची साठी उलटली. शुगरच्या गोळ्या सुरू झाल्या. दोघंही दमलेली होती, पण त्यात विशेष काही नव्हतं. त्या गल्लीत न दमलेलं कोण होतं?

अशात विश्वजित आला. पेठेतल्या तालमीच्या गणपती मंडळाचा हा अध्यक्ष. पोरगा मनानं लाख, पण उत्साह असा की समोरच्याला धाप लागावी. कुठून तरी त्याला तानाबाईची जुनी चित्रफीत मिळाली होती.

“मावशी, आमच्या मंडळाला औंदा पन्नास वर्षं हुत्यात,” तो म्हणाला. “ह्या इमारतीवरनं त्या इमारतीवर तार टाकतो. तुमी एकदा चालून दावा. अख्खं कोल्हापूर बघील की.”

तानाबाईनं पदराला हात पुसले आणि नवऱ्याकडं पाहिलं. रुद्राप्पाला वाटलं, बाईच्या डोळ्यांत किती वर्षांनी काहीतरी आलं.

“मी तार वडतो,” तो म्हणाला.

“मग चालते,” ती म्हणाली.

तालमीमागच्या मोकळ्या जागेत त्यानं दोन खांब रोवले आणि कमरेइतक्या उंचीवर सरावाची तार ताणली. आठवडाभर तो मांडववाल्याकडे गेलाच नाही. वंगण काय आणलं, स्क्रू काय बदलले, पोरांवर काय खेकसला. एवढ्यातच एक भानगड सुरू झाली, आणि तीही रस्त्यावर. तानाबाई मेसमधून घरी आली तर उजव्या पायात चप्पल होती, डाव्यात नव्हती. रुद्राप्पानं विचारलं तेव्हा तिनं खाली पाहिलं आणि तिलाच नवल वाटलं. चप्पल वाटेत निसटली होती आणि बाई तशीच डांबरावरून चालत आली होती, भर उन्हात. “ध्यानात न्हाय आलं,” म्हणून ती हसली. रुद्राप्पा जाऊन चप्पल घेऊन आला, पण त्याला हसू आलं नाही.

दुसऱ्या दिवशी ती सरावाच्या तारेवर चढली आणि त्यानं टोकाला तळवा लावला. उजवं पाऊल आलं ते ओळखीचं. डावं आलं ते परकं. ते पाऊल तार शोधत नव्हतं. नुसतं पडत होतं, मग तार हलली की अंग सावरत होतं. बघणाऱ्या पोरांना यातलं काही कळलं नाही. त्यांनी टाळ्या वाजवल्या.

“डावा पाय नीट पडत न्हाय,” तो तिला घरी म्हणाला.

“पाय बरा हाय. तुमचा हात थरथरतोय. म्हातारा झालाय तुमी.”

त्यानं हात समोर धरून पाहिला. थोडा थरथरत होताच. आयुष्यभर ज्या हातावर विसंबला, त्याच्यावरचाही विश्वास बाईनं एका वाक्यात उडवला. पुढचे दिवस तो रोज तळवा लावायचा आणि रोज तेच कळायचं. हात म्हातारा असेल, पण खोटं बोलत नव्हता.

पोलिसांनी कमरेला पट्टा बांधण्याच्या अटीवर परवानगी दिली होती, त्यामुळे जिवाला धोका नाही असं विश्वजित सगळ्यांना सांगत फिरत होता. जिवाचं रुद्राप्पालाही माहीत होतं. त्याला वेगळंच दिसत होतं. साठीची बाई पट्ट्याला लोंबकळतेय, खांदा निखळलाय, लुगडं सुटलंय आणि खाली हजार मोबाइल वर धरलेत. जन्मभर जी पडली नाही तिचं एवढंच लोकांच्या लक्षात राहील. सकाळी चहाबरोबर बघतील आणि पुढं पाठवतील. आणि पाय गेलाय म्हणून थांबवावं, तर जिला पायांवरच सगळं मिळालं तिला हे चारचौघांत कसं सांगायचं? त्यापेक्षा लोकांनी आपल्याला नावं ठेवलेली काय वाईट.

कार्यक्रमाच्या संध्याकाळी रस्ता माणसांनी भरून गेला. मिस लिलीचा गुलाबी झग्यातला फोटो दोन मजली लावला होता. ढोल-ताशा थांबला. तानाबाईनं नवी साडी कासोटा घालून नेसली होती, पट्टा बांधला होता. शिडीच्या पहिल्या पायरीवर तिनं पाय ठेवला तेव्हा रुद्राप्पानं निवेदकाच्या हातातला माइक मागून घेतला.

“पावणं,” तो म्हणाला, “आजचा खेळ हुणार न्हाय. तार मी वडलीया आन् मलाच तिचा भरवसा न्हाय. ताण चुकलाय. माझा हात गेलाय, मला तार कळत न्हाय आता.”

मग गर्दीतून शिट्ट्या आल्या. “म्हातारं पिऊन आलंय,” कुणीतरी ओरडलं. विश्वजित धावत आला.

“काका, काय बोलताय? तार झकास हाय. सकाळी आमच्या इंजिनियरनं बघितलीया.”

“त्यानं बघितली आसंल. वडली मी.”

तार ओढणाऱ्यानं आपली तार चुकली म्हणणं म्हणजे काय, हे सर्कशीतल्या माणसालाच कळेल. जुन्या खलाशांतला एखादा तिथं असता तर खाली मान घालून निघून गेला असता. रुद्राप्पाचा चेहरा तापला होता, पण मान वर होती.

विश्वजितनं तानाबाईकडं पाहिलं. तिची मान नुसती एकदा हलली असती तर खेळ झाला असता.

“ह्यांचा भरवसा न्हाय म्हणल्यावर मी चढत न्हाय,” ती म्हणाली आणि शिडीवरून पाय काढला.

पोरं हिरमुसली, पण वाईट वागली नाहीत. तिला स्टेजवर बसवलं, शाल दिली, नारळ दिला, दोन भाषणं झाली. रुद्राप्पाला खुर्ची कुणी दिली नाही.

सत्कार झाल्यावर ती मांडवाच्या मागं आली. तिथं तो खुर्च्यांच्या चळतीला टेकून बसला होता. ती शेजारी बसली. आता बोलणी खायची, अशा तयारीनं तो खाली बघत राहिला.

“तार चांगली हुती,” ती म्हणाली.

“व्हय.”

“तुमच्या हातालाबी काय झाल्यालं न्हाय.”

त्यानं हात मांडीखाली सारला.

“डाव्या पायाला कायबी कळंना झालंय,” ती म्हणाली. “पायरी कुठं हाय ते डोळ्यांनी बघून पाय ठेवला मी.”

“मग पहिल्याच दिवशी न्हाय म्हणायचं की.”

“तुमी किती हौसनं खांब रवलासा. मांडववाल्याकडं जायाय लागल्यापास्नं तुमास्नी असं कवा बघितलं न्हवतं. म्हणलं, ह्यांच्यासाठी एकदा चालावं.”

रुद्राप्पानं खांब रोवले होते ते तिच्यासाठी. त्याची स्वतःची हौस कधीच संपली होती.

“सर्कशीतबी शेवटची धा-बारा वर्षं मला चढू वाटत न्हवतं,” ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, नुसता थकवा होता. “लई दमल्याली मी. रोज वाटायचं, आज हे म्हणतील, बास कर आता. आन् तुमी रोज तार वडून तयार.”

खरं तर ते त्याला माहीत होतं. त्या सगळ्या वर्षांत रोज दोन खेळांना तिचं दमणं त्याच्या तळव्यात उतरत होतं. पण वर असण्यातच तिचं सुख आहे आणि आपण पडलो खलाशी, असं म्हणून त्यानं प्रत्येक वेळी स्क्रू आवळला होता.

“मला म्हाईत हुतं,” तो म्हणाला.

तानाबाईनं त्याच्याकडं वळून पाहिलं. “कवापास्नं?”

“तवापास्नंच.”

“मग बोलला का न्हाईसा?”

पुढं रस्त्यावर ढोल पुन्हा सुरू झाला होता. अख्ख्या पेठेसमोर खोटं बोलताना त्याची जीभ अडखळली नव्हती. खरं तर एकट्या तिच्यापुढंच बोलायचं होतं, तेवढं इतकी वर्षं जमलं नव्हतं, आणि ती अजून त्याच्या तोंडाकडं बघत होती.