एस्नार्टची ताटली

"ताटलीवर तुमचं नाव आहे, बाई," निवडणूक अधिकारी एम्टोंगा साहेबांनी पुन्हा सांगितलं.

एनॅमलची ताटली टेबलावर पालथी पडली होती. तळाला लाल रंगात 'एस्नार्ट' लिहिलेलं होतं.

"मग कुणाचं असणार? मयताच्या घरी प्रत्येक बाई पीठ घेऊन जाते, ताटल्यांचा ढीग पडतो. नाव नसेल तर आपली परत येते का? तुमच्या आईच्या ताटल्या उलटून बघा, साहेब."

साहेबांनी समजावून सांगितलं, की उमेदवाराने स्वतःच्या नावाची वस्तू मतदाराच्या घरी देणं म्हणजे आमिष. समोरचा उमेदवार मक्विंजा, त्याच्या माणसाने तसा फोटोही आणून दिला होता.

एस्नार्टने कपाळाला हात लावला. ती गावची शिंपीण, वॉर्डातून उभी राहिलेली. दर निवडणुकीत मक्विंजा साखर आणि स्वतःचा चेहरा छापलेली कापडं वाटायचा. साखर संपायची, दवाखान्याचं छप्पर मात्र उघडंच राहायचं. हे वाटप थांबवणारा नवा कायदा यावा म्हणून ही बाई दारोदार फिरली होती. या खेपेला तिच्या पोस्टरांचा खर्चसुद्धा गावाने चिल्लर जमवून केला. आणि कायद्यात पहिली सापडली कोण, तर तीच.

"त्याच मयताला मक्विंजाने शवपेटी दिली, ती नाही दिसली?"

"ती त्यांच्या भाच्याने दिली. भाचा उमेदवार नाही."

"भाचा अजून शाळेत जातो, साहेब."

"कागद बरोबर आहेत," साहेब नजर चुकवत म्हणाले. माणूस वाईट नव्हता. मतदानापर्यंत कुणालाही काही देणार नाही असं लिहून द्या, पुन्हा तक्रार आली तर नाव कापावं लागेल, एवढंच त्यांनी सांगितलं. छप्पर आठवून एस्नार्टने दात खात सही केली. ताटली पुरावा म्हणून कपाटात गेली.

मतदान तोंडावर आलं आणि शेजारची नासिबेको आजी वारली. एस्नार्टचा नवरा गेला तेव्हा पिठाची पहिली ताटली घेऊन हीच म्हातारी आली होती.

एस्नार्टची मैत्रीण चिकोंडी सकाळीच बजावून गेली, "रड, बस, पण पीठ नेऊ नकोस. एवढी मेहनत पाण्यात घालशील."

एस्नार्ट रिकाम्या हातांनी चटईवर जाऊन बसली. बायका ताटल्या घेऊन समोरून जात होत्या. तिला कुणी काही बोललं नाही, आणि तेच तिला सोसेना. मक्विंजाचा माणूस फोन काढून कुंपणावर बसला होता. तिला त्याचा राग आला, कायद्याचा आला, आपल्या सहीचा तर सगळ्यात जास्त आला.

ती उठून घरी गेली. बरी ताटली साहेबांच्या कपाटात अडकलेली. तिने घागऱ्यावर गुंडाळलेलं कापड सोडलं, त्यात मक्याचं पीठ ओतलं आणि गाठोडं डोक्यावर घेऊन निघाली. कुंपणापाशी क्षणभर थांबली.

"फोटो नीट काढ रे. हलला तर परत काढायला लागेल."

चिकोंडीने तोंड फिरवून डोळे पुसले. एस्नार्टने पीठ मोठ्या घमेल्यात ओतलं, कापड झटकून पुन्हा कमरेला बांधलं. चुलीपाशी आजीची लेक तियामिके बाजूला सरकली आणि आपल्या हातातला लाकडी डाव तिने एस्नार्टच्या हातात दिला. एस्नार्ट भांड्यावर वाकून ढवळू लागली.