उसनं दिलेलं वाक्य

मी एक जुनी, हिरव्या रंगाची पत्र्याची ट्रंक आहे. किती जुनी ते विचारू नका, मित्रांनो. कडी गेली, नंबर पुसला, बिजागरी तर अशी कुरकुरते की माझी मलाच लाज वाटते. थकले मी. पण एक गोष्ट पोटात राहिली आहे, तेवढी सांगते.

पत्रेवाल्याने मला ठोकून घडवलं आणि मी पलटणीतल्या एका जवानाच्या वाट्याला आले. बराकीत टेबल नव्हतं. संध्याकाळची हजेरी झाली की तो मला खाटेजवळ ओढायचा आणि माझ्या झाकणावर कागद ठेवून पत्रं लिहायचा. स्वतःची कमी, दुसऱ्यांचीच जास्त. ज्यांना लिहिता येत नव्हतं ते यायचे, आणि लिहिता येऊनही बायकोला काय लिहावं ते सुचत नव्हतं, तेही यायचे. सगळे त्याला 'मास्तर' म्हणत. तेव्हा मला केवढी ऐट होती! अख्ख्या बराकीचा संसार माझ्या झाकणावरून चालायचा.

एका रविवारी त्याने आपल्या बायकोला लिहिलं, 'अजूनही मी कूस जपून बदलतो, तुझी झोप मोडेल म्हणून.' खोटं नव्हतं ते. खाटेच्या कडेला अंग चोरून झोपताना मी त्याला रोज बघत होते. पण पाकीट काही चिकटवेना. पुन्हा वाचायचा, एखादा शब्द बदलायचा. लिहिणाऱ्यांची खोड, दुसरं काय!

तेवढ्यात पलटणीचा आचारी आला. शंभर माणसांचं जेवण एकट्याने रांधणारा दांडगा गडी, पण बायकोचा विषय निघाला की त्याची बोबडी वळायची.

"मास्तर, लिही ना काहीतरी. वाचून ती खूश झाली पाहिजे."

"तुला काय वाटतं ते सांग."

"वाटतं खूप रे. सांगता आलं असतं तर तुझ्याकडे कशाला आलो असतो?"

दिवसभराच्या कवायतीने मास्तर गळून गेला होता आणि हे नववं पत्र होतं. समोर स्वतःचं पत्र उघडंच होतं. त्याने तेच वाक्य उतरवून दिलं. आचाऱ्याचं पत्र दुसऱ्या दिवशी टपालात पडलं, मास्तरचं त्यानंतर चार दिवसांनी.

दोघांची घरं एकाच गल्लीत. आचाऱ्याच्या बायकोला वाचता येत नव्हतं. पत्र वाचून घ्यायला ती कुणाकडे जाईल, हे मास्तरच्या डोक्यातच आलं नाही.

आम्ही दोघं रजेवर घरी आलो तेव्हा कळलं. बायकोने त्याला पाणी दिलं आणि त्याच्या पत्रांची चळत माझ्यावर ठेवली.

"मीच वाचून दाखवलं तिला. बिचारी आनंदाने रडली. चार दिवसांनी तेच वाक्य माझ्या नावाने आलं. अहो, आणखी किती जणींची झोप जपता?"

"अगं, आधी तुलाच लिहिलं होतं, टपालात टाकायला उशीर..."

"पुरे. बोलण्यात तुम्हाला कोण हरवणार?"

त्यानंतर भांडण असं झालं नाही. संसार झाला, मुलं मोठी झाली. नोकरी संपल्यावर मास्तरने माझ्याच झाकणावर पाच पुस्तकं लिहिली. लोकांनी कौतुक केलं. तिने एक पान उघडलं नाही. तो नवं पुस्तक ओट्यावर ठेवायचा. ती ते उचलायची, धूळ झटकून फळीवर ठेवायची आणि भाजी चिरायला बसायची. त्याचा चेहरा मला बघवत नसे. पुढे मीही कॉटखाली गेले, ती कायमचीच असं वाटलं.

मग त्याचा हात कापायला लागला, पेन धरवेना. मुलं दूर. शेवटी तिनेच मला बाहेर ओढलं, वही ठेवली आणि म्हणाली, "सांगा."

तो पलटणीच्या आठवणी सांगायचा, ती निमूट लिहायची. एका दुपारी आचाऱ्याचा विषय आला. "काही शब्द वाट चुकतात, आणि चुकलेल्या वाटेवरच त्यांना..." एवढं झालं आणि तिने पेन खाली ठेवलं.

"हे कुणासाठी?"

त्याने हात लांबवून वही मिटली.

"लिहू नकोस. माझं चुकलं गं. ते तुझं होतं, मी देऊन टाकलं."

"एवढं सांगायला बेचाळीस वर्षं लागली? आणि म्हणे लेखक!" तिने डोळे पुसले.

मित्रांनो, माझ्या बिजागरीला तेल घाला, नाहीतर राहू द्या. पत्र्याचं काय, तो गंजणारच. पण घरच्या माणसाशी चुकलात तर ते सजवून सांगत बसू नका. साधं सांगा, आणि लवकर सांगा. कारण त्या दुपारी ती फळीपाशी गेली, पाचही पुस्तकं काढून माझ्यावर ठेवली आणि चष्मा शोधत म्हणाली, "पहिलं कुठलं यातलं?"