पाऊण तासाची उड्डाणं

धाकटीचा नवरा काचेचं दार ढकलून आत आला, तेव्हा तिचं विमान नुकतंच ढगाआड गेलं होतं. एवढासा तो विमानतळ. दिवसाकाठी एकच विमान यायचं-जायचं आणि ते उडालं की सगळे पांगायचे. तिकीट खिडकीवर कामाला असलेली थोरली बहीण एकटीच उरली होती.

"ताई, ती कुठंय?"

"कोण?"

त्यानं तिचा हात धरून काउंटरच्या कडेवर आपटला. मनगटाचं हाड कडकन मोडलं.

"विमान परत बोलवा."

"टॅक्सी आहे का ती, हात केला की थांबायला?" थोरली कळवळत म्हणाली.

तो विचारात पडला. पलीकडचा विमानतळ हवेतून पाऊण तासावर होता. रस्त्यानं मात्र डोंगराला वळसा घालून सात तास. गाडी कितीही हाणली तरी त्याच्या हाती काही लागणार नव्हतं. पण त्याचा सख्खा भाऊ पलीकडे विमानतळाच्या जवळच राहायचा. ते थोरलीला आठवलं. धाकटीला उतरवून घ्यायला मावशी येणार होती, तीही काठी टेकत. त्या भावापुढे मावशीचा काय निभाव लागणार?

त्यानं खिशातून फोन काढला.

थोरलीनं काउंटरवरून अंग झोकून दिलं. दोघंही फरशीवर आदळली. ती त्याच्या अंगठ्याला कडकडून चावली, तोंडात रक्ताची चव येईपर्यंत चावत राहिली. फोन घरंगळला. तिनं सरपटत जाऊन टाचेनं ठेचून त्याचा चुरा केला. मग त्यानं तिला केसांना धरून उचललं आणि तोंड भिंतीवर घासलं. तिचे दोन दात पडले. तो लाथा घालत होता, तिच्या आईबापांचा उद्धार करत होता आणि तिचा मोडका हात अंगाखाली मुडपला होता.

दाराशी विमानाच्या चाकाला लावायचा लाकडी ठोकळा पडला होता. तो तिच्या चांगल्या हाताला लागला.

पहिला घाव गुडघ्यावर बसला. तो कोसळला. दुसरा तोंडावर. तिथंच थांबली असती तरी चाललं असतं, तो गप पडला होता. पण गेल्या वर्षी धाकटीच्या पाठीवर पाहिलेले वळ तिच्या डोळ्यांपुढे आले आणि हात थांबेना. मागच्या आवारात आगीचा बंब धुणारा माणूस आवाज ऐकून धावत आला. त्यानं तिला कमरेला विळखा घालून मागं ओढलं.

"बाई, पुरे. मरेल तो."

"मरू दे," थोरली म्हणाली आणि तिथंच ओकली.

तो मेला नाही. एक डोळा मात्र गेला. पोलीस दवाखान्यात आले, दोघांचेही जबाब घेऊन गेले. बंबवाल्यानं जे पाहिलं ते सगळं सांगितलं, तिचे जास्तीचे घावही. तिनं ते नाकारलं नाही.

संध्याकाळी मावशीच्या फोनवरून धाकटी बोलली.

"ताई, मला विमानात झोप लागली गं. उतरताना हलवून उठवावं लागलं."

सुजलेल्या तोंडानं थोरलीनं तिला झालं ते सगळं सांगितलं.

"कुठला डोळा?"

"डावा."

"बरं," धाकटी म्हणाली. "तुझं प्लास्टर कधी काढणार?"