वास घेतलेला आणि वास आलेला

ठाण्याच्या कचेरीत अव्वल कारकून असलेले भाऊ टिपणीस कोणताही निर्णय चटकन घेत नसत, आणि त्यांचा जो काही दबदबा होता तो यावरच उभा होता. पण त्या वर्षी फाल्गुनात प्रसंगच तसा आला. चैत्रगौरीसाठी मोगऱ्याची रोपं कोणाच्या मळ्यातून आणायची?

खरं तर प्रश्न फुलांचा नव्हता, मालनचा होता. मालन ही त्यांची एकुलती एक मुलगी, कल्याणला दिलेली. गेल्या चैत्रात तिच्या सासूबाई, हौसाबाई, तिला घेऊन हळदीकुंकवाला आल्या होत्या. मालनला अक्षय्यतृतीयेपर्यंत माहेरी ठेवायचं ठरलं होतं. पण हौसाबाई गौरीपुढे जेमतेम टेकल्या, मोगऱ्याची आरास पाहिली, "फुलं... असो," एवढंच म्हणाल्या, आणि आंब्याची डाळ अर्धी टाकून सुनेसकट संध्याकाळच्या गाडीने परत गेल्या.

त्या 'असो'चा अर्थ टिपणिसांच्या घरात वर्षभर लावणं चाललं होतं. फुलं थोडी होती, शिळी होती, बाजारची होती. शेवटी भाऊंच्या पत्नी हेमाबाईंनी निकाल दिला: बाजारची. यंदा मोगरा दारातच फुलायला हवा. मग विहीणबाईंना 'असो' म्हणायला जागा राहणार नाही, आणि मालन राहील.

"पण एक," हेमाबाई म्हणाल्या, "इकडून फुलं हुंगायची नाहीत हं. हुंगलेलं फूल देवीला चालत नाही."

"अगं, मग मोगरा पारखायचा कसा?"

"ते मी बाईमाणसानं काय सांगावं?"

भाऊ भटजींकडे गेले. भटजींनी सुपारी कातरता कातरता विचार केला. "वास घेतला तर दोष. वास आला तर दोष नाही. आपण नाक पुढे नेऊ नये. पण वासच पुढे आला तर नाकानं मागे हटायचंही कारण नाही."

भाऊंना हे तत्काळ पटलं. सरकारी नोकरीत काही गोष्टी अशाच असतात: मागायच्या नाहीत, आल्या तर नाही म्हणायचं नाही.

पहिल्यांदा ते कोलशेतला धोंडीबाच्या मळ्यात गेले. मोगऱ्याला पहिली फुलं आली होती. भाऊ वाऱ्याच्या खालच्या अंगाला गोणपाटावर बसले, आणि आपण वाट पाहतो आहोत असं वासाला कळू नये म्हणून तोंड दुसरीकडे केलं.

"घ्या की हुंगून," धोंडीबा म्हणाला. "फूल काय चावतंय व्हय?"

"हुंगायचं नाही. देवीचं आहे."

"मंग देवीलाच घिऊन या."

वारा खाडीवरून येत होता आणि काठावर सुकट वाळत घातली होती. वास भरपूर आला, पण तो मोगऱ्याचा असं म्हणण्याचं धाडस भाऊंना झालं नाही.

मग ते कोपरला धाकूच्या वाडीवर गेले. धाकूने सोवळी गिऱ्हाइकं पुष्कळ पाहिली होती. त्याने बाज टाकली. "बसा भाऊसाहेब. वास येल. त्याला काय घाई हाय?"

एवढ्यात धाकूची बायको अंबाड्यावर भला मोठा गजरा माळून पाण्याची कळशी घेऊन भाऊंच्या मागून गेली. थोड्या वेळाने पुन्हा गेली. मग त्याच रोपाला पाणी घालायला आणखी एकदा आली. घमघमाट सुटला.

"या रोपाला पाणी फार लागतं वाटतं," भाऊ म्हणाले.

"लाडाचं हाय," धाकू म्हणाला.

भाऊंनी तिथल्या तिथे निर्णय घेतला. कुंड्या होडीने ठाण्याला आल्या.

चैत्रात मोगरा असा फुलला की पानं दिसेनात. टपोरा, पांढराशुभ्र. वास मात्र नाही. घरात कितीतरी दिवस कोणी अवाक्षर काढलं नाही. कारण वास येत नाही म्हणायचं, तर तो घेऊन पाहिल्याचं कबूल करावं लागलं असतं. शेवटी हेमाबाईंनीच विचारलं, "येतोय का?"

"काय?"

"आपोआप."

"नाही."

हळदीकुंकवाच्या दिवशी हौसाबाई नाकाला पदर लावूनच दारात उतरल्या. मागे मालन, डोळ्यांत प्राण आणून आईकडे बघत. हौसाबाई कुंड्यांपाशी थांबल्या. पदर थोडा खाली आला. मग पुरता खाली आला.

"विहीणबाई, या फुलांना वास नाही."

"वारा पडलाय," भाऊ घाईने म्हणाले.

"अहो, पडू दे! गेल्या वर्षी तुमच्या मोगऱ्यानं माझी अर्धशिशी अशी उठली, की कल्याण येईस्तोवर डोळा उघडवेना. आता देवीच्या फुलांना नावं कशी ठेवायची? म्हटलं, असो."

हौसाबाईंनी डाळ दोनदा मागून घेतली, पन्हं प्यायल्या, आणि गौरीला नमस्कार करून म्हणाल्या, "मालनला राहू दे अक्षय्यतृतीयेपर्यंत."

हेमाबाईंच्या डोळ्यांना पाणी आलं. मालन कधी नव्हे ती भिंतीला पाठ टेकून, पाय पसरून बसली.

"आणि मीही राहते," हौसाबाई म्हणाल्या. "डोकं कसं हलकं वाटतंय! कल्याणला चैत्रात घराघरांत नुसता घमघमाट. मालन, माझं अंथरूण कुठे घालताहेत बघ. आणि पाय चेपायला ये."

मालन पाय आवरून उठली. मुलाकडच्या माणसांना राहू नका म्हणण्याची सोय भटजींच्या पोथीतही नव्हती. हेमाबाईंनी तोंड भरून "वा, वा" म्हटलं आणि उरलेली डाळ झाकून ठेवली.

थोड्या वेळाने मालन ओसरीवर आली.

"भाऊ," ती हळूच म्हणाली, "कोलशेतच्या मोगऱ्याला वास असतो का हो?"

"असावा. का? देवीला हवाय?"

"छे. सासूबाईंच्या उशाशी ठेवायला."